बाबागाडीची आचारसंहिता : कलमे एकवीस

२९ एप्रिल २००७, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागील तेरा प्रारंभांप्रमाणे हा वाया जाणार नाही, याची खात्री आहे.

सूनबाई हर्षाली काल पुण्याहून जुन्नरला आली. हुशार आहे, एम.सी.ए. आहे, परंतु प्रत्येक गोष्टीचे कारण विचारते, हा दोष. चिरंजीव प्रोजेक्टसाठी दोन वर्षे अमेरिकेत. चार जूनला हर्षालीची रजा संपते. त्यानंतर चौदा महिन्यांच्या आरोहीने आमच्याकडे राहायचे की पुण्याच्या पाळणाघरात, हा प्रश्न. पाळणाघर! एका सतरंजीवर वीस मुले आणि समोर अखंड चालू टीव्ही.

मी म्हणालो, छत्तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले, एक बालक सांभाळणे अशक्य नाही. त्यावर हर्षालीने विचारले, "बाबा, तुम्ही तिला एकट्याने तासभर तरी सांभाळलंय का कधी?" प्रश्न अप्रस्तुत होता.

ठरले ते असे : वीस मेला सर्वांनी हायवेवरच्या नव्या 'मौजविश्व' पार्कमध्ये जायचे. तेथे एक तास आरोही माझ्या ताब्यात. मग निर्णय. 'परीक्षा' हा शब्द तिने वापरला नाही, मी वापरला. आयुष्यभर पेपर काढले. परीक्षेची भीती मला असण्याचे कारण नाही.

चिरंजीवाने पाठवलेल्या बाबागाडीचे मॅन्युअल दोनदा वाचले. त्यात त्रुटी आहेत. कंपनीला पत्र लिहिणार.

३ मे, गुरुवार. दुपारी ३.३०
एस.टी.ने जाऊन मौजविश्वाची पूर्वपाहणी केली. जे पाहिले ते असे.

बाबागाड्या एकूण अकरा. त्यांपैकी चार दारातच उभ्या. एकीवर ओले टॉवेल वाळत घातलेले. एकीत मूल नव्हतेच, पाण्याचा जार होता. मूल बापाच्या मानेवर बसून भेळ खात होते आणि शेव बापाच्या केसांत सांडत होती. डावी बाजू, उजवी बाजू ही संकल्पनाच या समाजाला अपरिचित आहे. एक बाई गाडी उलटी ओढत चालली होती. विचारले, तर म्हणाली, "पुढं ढकलली की मला पोरगं दिसत न्हाई."

वॉचमनकडे तक्रार केली. तो म्हणाला, "सर, हितं मानसं धड चालंनात, तुमी गाड्यांचं काय घेऊन बसलाय?"

संकल्प : या प्रांतास बाबागाडीची आचारसंहिता देणे.

७ मे, सोमवार. रात्री ८.००
संहिता पूर्ण. एकवीस कलमे, सहा उपकलमे. भाषा निर्दोष. कलम १ : बाबागाडी वाटेच्या मधोमध सोडू नये. कलम ४ : सदैव डावीकडून चालावे. कलम ९ : चाक कोणाच्या टाचेस लागल्यास थांबून क्षमा मागावी, चालता-चालता मागितलेली क्षमा ग्राह्य धरली जाणार नाही. कलम १२ : परक्या बाळाचे गाल ओढू नयेत.

नवाबच्या दुकानात शंभर झेरॉक्स काढल्या. माझा जुना विद्यार्थी, बी.ए.ला दोनदा नापास. कागद वाचून म्हणाला, "सर, ही गाडी पेट्रोलवर का डिझेलवर?" मी खुलासा केला. तेव्हा म्हणाला, "मग आरटीओत एक कॉपी देऊन ठेवू का?" दुकानातले सगळे हसले. नापास का झाला, याचे आज पुन्हा प्रत्यंतर आले.

पहाटे पाचला उठण्याचा संकल्प उद्यापासून.

१० मे, गुरुवार. सकाळी ९.२०
आठला उठलो. संहितेच्या श्रमांचा परिणाम.

बाबागाडीचा सराव. आरोहीचे वजन नऊ किलो. म्हणून नऊ किलो गहू पिशवीत भरून, पट्टा बांधून, गल्लीतून फिरवले. वळण सफाईने घेतले. समोरच्या बयाबाईने गोठ्यातून हाक मारली, "सर, दळनाला का? गाडी लई झ्याक हाय!" मी हा सराव असल्याचे सांगितले. "व्हय व्हय, गव्हालाबी सवय पायजे," म्हणाली.

सौ. म्हणाली, "अहो, निघालाच आहात तर खरंच दळून आणा." आणले. सरावात व्यत्यय नको म्हणून.

१६ मे, बुधवार. सायंकाळी ६.००
आरोही आज अंगणात उभी राहिली आणि माझे बोट धरून सात पावले चालली. सौ. म्हणते पाच. सात. तिला आधारास भिंत होती, खांब होता, सौ. होती. तरी माझे बोट धरले. बहुधा तेच जवळ असावे.

पाळणाघराचा विचारही करवत नाही. तेथे संस्कारांची काय व्यवस्था असणार?

१९ मे, शनिवार. सायंकाळी ७.१५
सौ.ने मला न विचारता बयाबाईला उद्याचे आमंत्रण दिले! म्हणे, भाड्याने ठरवलेल्या गेणभाऊच्या जीपमध्ये एक जागा रिकामी आहे.

ही बयाबाई मूळची निमगाव साव्याची. दोन जर्सी गाई, पाच मुले, अकरा नातवंडे. सगळी कडेवर वाढवली. बालसंगोपनाची ही पद्धत अश्मयुगीन आहे. आमची बाबागाडी प्रथम पाहिली तेव्हा म्हणाली होती, "अगं बया, एवढं गोजिरं लेकरू आन ते हातगाडीत? वांगी हायेत का ती इकायला?"

तिलाही संहितेची प्रत दिली. सौ. सांगते, तिने ती घडी घालून चुलीपाशी ठेवली आहे. म्हणजे किंमत कळली.

२० मे, रविवार. सायंकाळी ७.४०
घटनाक्रम तटस्थपणे नोंदवतो.

सकाळी ११.१५. हर्षालीने आरोही माझ्या स्वाधीन केली. "बाबा, एकच तास. बाबागाडीचा टप वर राहू द्या, म्हणजे ती दिसत राहील." सौ. आणि ती जेवणाच्या रांगेकडे गेल्या. उन्हाचा कोन पाहून मी टप पूर्ण खाली ओढला. बयाबाई घसरगुंडीला घाबरत असल्यामुळे आमच्यामागे चालत राहिली.

११.२५. छुकछुक गाडीचा फलाट. रांग नावाची वस्तू नाही. इतक्यात बेल्ह्याचा एक बैलांचा व्यापारी, भाच्याची बाबागाडी कलिंगडांनी भरून घेऊन आला आणि तिचे चाक माझ्या टाचेवर आदळले. "सॉरी हां, पावणं," म्हणाला आणि चालू लागला. चालता-चालता! मी त्याच्या गाडीची दांडी धरली आणि कलम ९ समजावून देऊ लागलो.

तो म्हणाला, "सर, आमच्या बाजारात बैल रोज पायावर पाय देतो. त्याला कोनतं कलम लावू?"

मी म्हणालो, बैल हा नागरिक नव्हे.

गर्दीतून कोणी ओरडले, "मतदानाला तर येतोय की, राव!" हशा. परंतु लोक जमले होते, हे महत्त्वाचे. चाळीस तरी असतील. निवृत्तीनंतर सहा वर्षांत एवढा वर्ग प्रथमच मिळाला. मी पहिल्या कलमापासून सुरुवात केली.

मध्येच छुकछुक गाडी आली. ती आली आणि जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर जे घडते तेच घडले. खिडक्यांतून रुमाल, टोप्या, टॉवेल, पिशव्या आत पडू लागल्या. ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांनी पोरे आत सोडली. वस्तू टाकली की जागा आपली. हा एकच कायदा हे लोक न शिकवता पाळतात. त्या वेळी बयाबाई माझ्या कानाशी काहीतरी म्हणाली. मी "हो, हो" म्हटले. तिच्या सर्व बोलण्याला मी हेच उत्तर देतो, वेळ वाचतो.

कलम ११ पर्यंत श्रोते पाच उरले. त्यांतले दोघे गाडीच्या पुढच्या फेरीसाठी थांबले होते. मी व्याख्यान आटोपते घेतले आणि बाबागाडी डाव्या बाजूने सावलीत फिरवू लागलो. पस्तीस मिनिटे. एकही धक्का नाही. आरोहीने हूं की चूं केले नाही. बाकावर दोन बायका मोठ्याने बोलत होत्या. बाळ झोपले आहे, आवाज कमी करा, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी केला. एक म्हणाली, "लई गुनाचं लेकरू हाय हो." मी म्हणालो, हा संस्कारांचा परिणाम आहे.

१२.२०. हर्षाली आली. तिने टप वर केला.

आत बयाबाईची डब्याची पिशवी होती आणि अर्धे कलिंगड.

हर्षालीने माझ्याकडे पाहिले आणि ती धावत सुटली. मी मागोमाग निघालो. पहिली काही पावले बाबागाडीसह. पुढे ती कुठे सोडली, आठवत नाही. वाटेच्या मधोमध सोडली असणार. उजव्या बाजूने धावलो. दोन माणसांना ढकलले. क्षमा मागितली नाही. एक चप्पल गेली. मी आरोहीचे नाव घेऊन हाका मारत होतो, असे सौ. म्हणते. मला ऐकू आले नाही.

तेवढ्यात छुकछुक गाडी वळणावरून आली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत बयाबाई, तिच्या मांडीवर आरोही. तोंड कलिंगडाने लाल. खिडकीच्या गजावर हात आपटत हसत होती. बयाबाईने मला पाहिले आणि फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या की सर! किती येळ जागा धरून बसलोय तुमच्यासाठी! तीन फेऱ्या झाल्या!"

परतलो तेव्हा बाबागाडीत दुसऱ्याच कोणाचे मूल झोपले होते. त्याची आई म्हणाली, "मोकळी दिसली म्हनून ठिवलं." उठवले नाही. उभा राहून वाट पाहिली.

२१ मे, सोमवार. दुपारी १२.००
शांतपणे विचार केला. आरोही हरवलीच नव्हती. ती केवळ माझ्याजवळ नव्हती. या दोन स्थितींतील भेद सामान्य माणसाला कळत नाही. शिवाय बयाबाईने परवानगी मागताना विषय स्पष्ट केला नव्हता. बयाबाईचे म्हणणे : "म्या इचारलं, पोरीला गाडीत बसवू का. सर हो हो म्हनले. दोनदा म्हनले." गाडी कोणती, हे मी विचारायला हवे होते, असे सौ. म्हणते. सौ. कालपासून तिच्या बाजूने बोलते आहे.

हर्षालीपुढे माझा युक्तिवाद मांडला. तिने ऐकून घेतला. नंतर खोलीत जाऊन पुण्याला फोन लावला. दार बंद होते. 'ॲडमिशन' हा शब्द ऐकू आला.

२६ मे, शनिवार. रात्री १०.००
टेबलावर पाळणाघराचा फॉर्म. कुरियरने आला. छपाई गचाळ. 'तातडीच्या वेळी कोणास कळवावे' या रकान्यात तीन नावे मागितली आहेत. हर्षालीने दोन लिहिली : चिरंजीवाचे आणि सौ.चे. तिसरी ओळ रिकामी.

पेन दिवसभर फॉर्मजवळच पडून होते. मी हात लावला नाही.

२ जून, शनिवार. रात्री ८.३०
विजय!

जेवताना हर्षाली म्हणाली, आरोही जुन्नरलाच राहील. फॉर्म तिने फाडला. मी तत्काळ सांगितले की माझा युक्तिवाद पटायला बारा दिवस लागणे स्वाभाविक आहे. ती म्हणाली, "बाबा, युक्तिवाद नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ती बयाबाईंकडे राहील. रात्री आईंपाशी. मी बोललेय दोघींशी."

म्हणजे तत्त्वतः निर्णय माझ्याच बाजूने झाला. स्थळ जुन्नर. अंमलबजावणी कोण करतो, हा प्रशासकीय तपशील आहे.

तिने वेळापत्रकही केले आहे. कॉम्प्युटरवर, रकाने सरळ. फ्रिजवर लावले. माझा उल्लेख एका ठिकाणी आहे : 'सायं. ५ ते ५.३० — आजोबा (बयाबाई किंवा आई समोर असताना).' कंस अनावश्यक होता.

अर्ध्या तासाचा अभ्यासक्रम आखणार. पहिला आठवडा : रंग. दुसरा : दिशा.

४ जून, सोमवार. सायंकाळी ६.१०
हर्षाली पहाटेच्या गाडीने गेली. निघताना पाया पडली. "सांभाळा, बाबा," म्हणाली, बहुधा तब्येतीविषयी.

पाच वाजता बयाबाईकडे गेलो. रंगांचे तक्ते आणि बाबागाडी घेऊन. आरोही तिच्या कडेवर होती. मला पाहून तिने बयाबाईच्या मानेत तोंड खुपसले.

बयाबाई म्हणाली, "सर, ते कागद ठिवा भाईर, गाय खाईल. आन चपला काढा. बसा हितं." गोठ्यापुढच्या पोत्यावर बसलो. शेणाचा वास होता. मांडी घालण्याची मला सवय नाही, घातली. "आता काय बोलू नका," म्हणाली. बोललो नाही. दहा मिनिटे आरोहीने माझ्याकडे नुसते पाहिले. मग बयाबाईने तिला अलगद माझ्या मांडीवर ठेवले. पण फ्रॉक मागून मुठीत धरूनच ठेवला.

"हलू नका, सर."

साडेपाच झाले. पाय बधिर झाला होता. आरोहीला माझ्या मांडीवर झोप लागली होती आणि बयाबाईने फ्रॉक अजून सोडला नव्हता.

हललो नाही.