आठवा हिस्सा

मी, थ्योगर न्योर्बी, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त मच्छीमार, राहणार व्हेस्टरसांड, पश्चिम जटलंड, डेन्मार्क, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात तितकेसे नाहीत. त्याचे कारण खाली येईल.

१. राहते घर, मागचे बटाट्याचे वाफे आणि बँकेत जे असेल ते माझी भाची ग्रेटे हिला. मी लग्न केले नाही. आजारपणात माझे सगळे तिनेच केले. पश्चिमेच्या खिडकीतून वारा येतो, ती तिने दुरुस्त करून घ्यावी. मी चाळीस वर्षे नुसता बोलत आलो.

२. जाळी विणायच्या सुया, रंधा आणि करवती शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाला. लाउस्ट क्योर याला काहीही नाही.

३. लाउस्टबद्दल लिहिणे भाग आहे. १९५४ च्या मार्चमध्ये, सकाळी, एक मासेमारी नौका आमच्या किनाऱ्यासमोर वाळूत रुतून मोडत होती. बचावकेंद्राच्या बोटीतून आम्ही आठजण गेलो. अगदी जवळ जाता येईना. लाउस्टने कमरेला दोरी बांधून उडी मारली आणि तिघांना एकेक करून आणले. दोरीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. बाकीचे सहाजण वल्ही आणि सुकाणू सांभाळून बोट लाटेच्या तोंडावर धरून होते. एकाने हात सैल सोडला असता तर सगळेच बुडालो असतो. माझ्या तळहातांची कातडी दोरीबरोबर गेली. उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून मिटत नाहीत. वर्तमानपत्रात फोटो आला तो लाउस्टचा. कडेला एक कोपर दिसते, ते माझे.

४. कोपनहेगनहून एक साहेब चौकशीला आले. केंद्राची नोंदवही माझ्याकडे असे, म्हणून मलाच भेटले. म्हणाले, "पदक एकच आहे. कोणाला द्यावं?"

मी म्हणालो, "दोरीच्या टोकाशी जो होता, त्याला द्या."

दोरीला दोन टोके असतात. साहेबांनी लाउस्टचे नाव लिहून घेतले.

लाउस्टला ते पटले नाही. त्याने पत्र लिहिले: पदक आठही जणांच्या नावाने द्या, नाहीतर देऊ नका. मी शहरात निघालो होतो, म्हणून मला वाचायला लावून माझ्या हाती दिले. "एवढं पोस्टात टाक, थ्योगर. आपण आठजण होतो."

मी ते टाकले नाही. टाकले असते तर मला आठवा हिस्सा मिळाला असता. मला सबंध हवे होते. ते नाही तर सबंध राग तरी.

पत्राला उत्तर आले नाही, पदक आले. सगळ्या गावासमोर ते छातीवर लावले गेले तेव्हा लाउस्टला नाही म्हणता आले नाही. नंतर सुकाणूवाला एस्बेन बंदरावर त्याला म्हणाला, "म्हणे पत्र लिहिलं होतंस. पदक तर चांगलं घट्ट बसलंय." मी शेजारीच मासे साफ करत होतो. करतच राहिलो. सहाहीजण लाउस्टशी फटकून राहिले आणि तसेच गेले. त्यांची नावे कुठेही लागली नाहीत.

५. ते पत्र माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. ग्रेटेने ते बचावकेंद्राच्या भिंतीवर लावावे. त्यात आठही नावे आहेत.

६. लाउस्टला या मृत्युपत्रात काही मिळत नसल्याने तो साक्षीदार होऊ शकतो. म्हणून आज त्याला बोलावले आणि सही करण्याआधी सगळे वाचायला सांगितले. त्याने चष्मा लावून वाचले. चौथे कलम दोनदा. समोरची कॉफी गार झाली.

मग म्हणाला, "त्या दिवशी दोरी तुझ्या हातात होती, म्हणून मी उडी मारली."

मी काही बोलणार, तोच म्हणाला, "आज मारली नसती."

आणि पेन मागितले.

हे शब्द त्याच्या संमतीने इथे लिहिले आहेत. असे वाक्यसुद्धा त्यालाच सुचावे, याचा हे लिहितानाही मला हेवा वाटतो आहे.

वरील मजकूर माझा आहे व त्यात मला काही बदलायचे नाही.

थ्योगर न्योर्बी (सही)

आमच्यादेखत सही झाली:
कार्ला हौगोर, निवृत्त शिक्षिका, शेजारी (सही)
लाउस्ट क्योर, आठजणांपैकी एक (सही)

व्हेस्टरसांड, ९ ऑक्टोबर २०१४