सोपाऱ्याला जायचा शुक्रवार

बाबा, परवा रविवारी मी सोपाऱ्याला जायचं ठरवलंय. तेच वसईकडचं जुनं शहर, ज्याच्यावरून सहावीत असताना मी तुझं डोकं खाल्लं होतं. पुस्तकात अर्धं पान होतं त्याच्यावर. एके काळचं मोठं बंदर, लांबून येणारी गलबतं, आणि आता उरलेला विटांचा एक उंचवटा. तू म्हणालास, "विटाच बघायच्या तर आपल्या शेलारच्या वीटभट्टीवर काय कमी हायत?" पण दुसऱ्या दिवशी वसईची एसटी कधी सुटते ते विचारून आलास.

अडचण वाराची होती. तुझे कापडाचे लूम शुक्रवारी बंद, माझी शाळा रविवारी. एका शुक्रवारी तू धुतलेला शर्ट घालून मधल्या सुट्टीत शाळेच्या दारात उभा राहिलास. केसांत सुताची पांढरी लव तशीच. बाई म्हणाल्या, फिरायला न्यायचं तर रविवारी न्या, वर्ग बुडवून नाही. तू म्हणालास, "बाई, आमचा रविवार शुक्रवारी असतो." मुलं हसली. बाईही हसल्या, पण मला सोडलं नाही. संध्याकाळी मी घरी येतो तर तू चुलीपुढे बसून सुके बोंबील भाजतोयस. मी ताट लांब सरकवतो, तुझ्यामुळे सगळा वर्ग हसला म्हणतो. तू बोंबील उलटतोस. "खा आधी. रिकाम्या पोटी डोकं जास्त तापतं." पुढच्या वर्षी जाऊ म्हणालास, आणि पुढचं वर्ष यायच्या आत तू गेलास.

डोकं अजून तापतंच. कॉलेज त्यापायीच सुटलं. दुसऱ्या वर्षाला सर हजेरीवरून सगळ्यांसमोर बोलले, मी वही टेबलावर आपटून बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो नाही. आय कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता मी तुझ्याच गल्लीत लूम चालवतो. कॉलेजातलं बाकी सगळं सुटलं, एक मुलगी तेवढी मनातून सुटली नाही. ती इतिहास घेऊन शेवटच्या वर्षाला आहे, तिला सोपाऱ्यावर काहीतरी लिहायचंय. नाक्यावर भेटली तेव्हा म्हणाली, ते पाहिलेलं कुणी भेटतच नाही. मी म्हणालो, मी पाहिलंय, लहानपणी बाबांनी नेलं होतं. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "मग तूच चल ना दाखवायला. पण तुझ्या शुक्रवारी नाही हं. साऱ्या जगाची सुट्टी असते त्या दिवशी." ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर कुठे येणार आहे, आणि तेही तुझ्यामाझ्या न झालेल्या फेरीच्या भरवशावर.

रविवारी रजा हवी तर लूमवर आपल्या जागी बदली माणूस उभा करावा लागतो, हे तुला सांगायला नको. शेजारचे लूम चालवणारा भैया तयार झाला, पण चौकशी करून.

"संडे को कौन सा मेला है?"

"मेला नहीं, पुराना शहर देखना है."

"खड़ा है?"

"नहीं, गिर गया."

"गिरा हुआ देखने के लिए छुट्टी ले रहा है?" माझ्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, "अकेला तो नहीं जा रहा तू." मी माझ्या लूमकडे वळलो. "जा, जा. तेरे धागे मैं जोड़ लूँगा."

आज शुक्रवार. लूम बंद, त्यामुळे गल्लीत माणसांचे आवाज ऐकू येतात. सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो होतो. आधी एकट्याने जाऊन रस्ता, उंचवटा, आजूबाजूची झाडं बघून यायची, म्हणजे रविवारी तिच्यासमोर चाचपडायला नको, असा बेत होता. वसईची गाडी लागलेली. कंडक्टर म्हणाला, "येतोस, का नुसता उभा राहतोस?" मी उभाच राहिलो. गाडी गेली. तुझ्या नावावर बोललेलं खोटं पक्कं करायला निघालो होतो, आणि तेही शुक्रवारी.

म्हणून आता ठरवलंय. रविवारी स्टँडवरच तिला सांगायचं, तिकीट काढायच्या आधी, की मी तिथे कधी गेलेलो नाही. पुढे यायचं की घरी जायचं ते तिचं तिने बघावं. ती चिडेल. मग मीही चिडेन, तुला माहीतच आहे. पण तेवढा वेळ गप्प बसायचं म्हणतोय.

हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून एक राहिलेलं लिहून टाकतो. नाक्यावर तिने विचारलं होतं, तिथे गेल्यावर तुम्ही दोघांनी काय केलंत. मी म्हणालो, बाबा रात्रपाळी करून आले होते, विटांना टेकून झोपून गेले. मी त्यांना उठवलं नाही, शेजारी बसून राहिलो. हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नव्हतं.