वाणाची यादी

चिकलठाणा,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. सुदर्शन यास
सत्यभामामावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. थंडी यंदा लई आहे, गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. तुझा घसा बसलाय असं कडुबा सांगत होता. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर आणि भाषणं जरा आखूड कर. दोन्हीचा गुण येईल.

पत्र बघून हसशील. गल्लीत मी, रस्ता ओलांडला की तुझं ऑफिस, आणि मावशी पत्रं लिहितेय! पण फोन करावा तर तुझा फोन हल्ली कडुबा उचलतो, आणि उचलला की स्पीकरवर टाकतो. मला जे सांगायचंय ते दहा कार्यकर्त्यांनी चहा पीत ऐकण्यासारखं नाही. म्हणून आपल्या गल्लीतल्या रूपालीच्या हाती देतेय. ती तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

शहाळी पोचली. दोन्ही प्याले. एक तरी परत पाठवायला हवं होतं, कारण ती तू तापातल्या माणसाला पाठवली होतीस.

मला ताप नव्हता, बाळा.

शुक्रवारी तुम्ही हलगी वाजवत आलात. तू अर्ज भरलास की पहिली पदयात्रा माझ्या दारातून निघायची, मी ओवाळायचं, मग पुढची गल्ली. हे पंधरा वर्षांचं ठरलेलं. या खेपेला दार बंद. शेजारच्या आवडाबाईला मीच सांगून ठेवलं होतं, विचारलं तर ताप आहे म्हण. तू दोन मिनिटं पायरीशी थांबलास, "मावशी, पडून राहा गं" असं म्हणालास, दाराला हात लावून नमस्कार केलास आणि गेलास. मी पडद्याआड उभी होते. ताट तयार होतं, वात तुपात भिजवून ठेवली होती. पेटवायला हात उठला नाही. तू गेल्यावर मी तिथंच खाली बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

तुला वाटेल मावशीला कुणी फितवलं. मला कोण फितवणार रे? पक्षाची पाटी या गल्लीत पहिल्यांदा लागली तेव्हा शिडी तुझ्या काकांनी धरली होती. लग्नापासून आजवर मी दुसऱ्या चिन्हावर बोट ठेवलेलं नाही. आणि तुझं म्हणशील तर तू बालवाडीत माझ्याकडं होतास, डबा सांडला की माझ्या डब्यातलं खायचास. काका गेले त्यानंतरची ती निवडणूक आठव. मी ताट घेऊन मागं सरले होते. विधवा बाईनं कसं ओवाळायचं, म्हणून चार बायकांनी तोंडं वाकडी केली होती. तू चप्पल काढून उभा राहिलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "ओवाळलं तर मावशीच ओवाळणार, नायतर मी निघतो." त्या दिवशी तू माझं काय राखलंस हे मला ठाऊक आहे. करोनात टेम्पो स्वतः चालवत घरोघरी धान्य टाकलंस, आवडाबाईला घाटी दवाखान्यात नेऊन भरती केलंस. यातलं काही मी विसरले नाही. म्हणून तर हे लिहिणं जड जातंय.

झालं असं. गेल्या महिन्यात रूपाली पाण्याचा अर्ज घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेली. कंपनीतली एक पाळी बुडवून गेली बिचारी. तिथल्या माणसानं फाईल काढली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या गल्लीत तर नळ चालू आहेत. त्रेचाळीस घरांनी सही करून दिलंय." तिनं मोबाईलवर कागदाचा फोटो काढून आणला. "नवीन जलवाहिनीचे काम पूर्ण झाले असून सर्व घरांना पाणी सुरळीत मिळत आहे." तारीख वीस सालच्या संक्रांतीची. खाली सह्या, पहिली सही माझी.

पाईप गाडला हे खरं. नाक्यावरच्या मोठ्या लाईनला तो आजतागायत जोडलेला नाही. सहा वर्षं झाली. रूपालीच्या पोरीला त्या तोटीला दप्तर अडकवायची सवय लागलीय. शेजारच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी का होईना पाणी येतं, आणि आपल्या बायका हंडे घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहतात, त्यांचं भरून होईस्तोवर. आवडाबाईला या वयात "सरक गं म्हातारे" ऐकून घ्यावं लागतं. का, तर कागदावर तिच्या घरात पाणी आहे.

रूपालीनं मला फोटो दाखवला आणि एवढंच विचारलं, "मावशी, ही तुमचीच सही ना?"

मी म्हणाले, "माझीच. पण त्या दिवशी चष्मा नव्हता गं. वाणाची यादी म्हणून घेतल्या सह्या."

आता तो दिवस तूही आठव. संक्रांतीचं हळदीकुंकू तू पक्षातर्फे ठेवलं होतंस, वाण म्हणून स्टीलचे डबे. मला कुंकवाला कोण बसवणार, म्हणून तू टेबल-खुर्ची मांडलीस आणि म्हणालास, "यादी मावशीकडं. डबा घेतला की सही." केवढा मान वाटला मला! कडुबानं कागद आणून ठेवले. बायका आल्या, तीळगूळ घेतला, डबा घेतला, वाकून सही केली. एकीनंही वर काय लिहिलंय ते बघितलं नाही. सत्यभामाबाई टेबलाशी बसल्यात म्हटल्यावर बघायचं कशाला?

चष्मा होता, सुदर्शन. नाकावरच होता.

तिसऱ्या-चौथ्या सहीला कागद जरा सरकला आणि वरची ओळ मी वाचली. पुरती वाचली. तुझ्याकडं बघितलं. तू दारात पाहुण्यांना नमस्कार करत होतास. मनाशी म्हटलं, पंधरा दिवसांत जोडणारच आहेत लाईन, पोरगं आगाऊ सह्या घेत असेल. आता चारचौघांत विचारलं तर त्याची शोभा होईल. असं म्हणून तो कागद मी डब्यांच्या खोक्यानं दाबला आणि पुढच्या बाईला म्हणाले, "इथं कर गं सही." जन्मभर मी बालवाडीच्या लेकरांना शिकवलं, खोटं बोलायचं नाही. आणि चाळीस बायकांना मी माझ्या हातानं फसवलं.

तुला तो कागद कुणी करायला लावला, कंत्राटदारानं की आणखी कुणी, ते मला ठाऊक नाही. तुला पूर्ण माहीत होतं की अर्धं, तेही नाही. पण नंतर सहा वर्षांत मी तुला तीनदा पाण्याचं विचारलं, आणि तिन्ही खेपेला तू म्हणालास, "होतंय मावशी, वरून अडकलंय." वरून नाही रे. आपल्याच कागदानं अडकलंय.

परवा प्रचाराची गाडी ओरडत गेली, चारी बटणं आपलीच, चारी बटणं आपलीच. तेव्हापासून डोक्यात तेच. या खेपेला एका वॉर्डातून चार नगरसेवक, म्हणून प्रत्येकाला चार मतं. तीन तर मी आपल्या पक्षालाच देईन, त्यात वाद नाही. तुझ्या नावाशी आले की बोट अडतं. समोरच्याला द्यावं तर त्याचं तोंड कधी या गल्लीनं बघितलं नाही. कुणालाच नाही, त्या बटणावर जावं तर काकांची शिडी आठवते. आणि तुला द्यावं तर रूपालीच्या पोरीचं दप्तर डोळ्यांपुढं येतं. चाळीस वर्षांत मत देताना मला विचार करावा लागला नव्हता. आता वाटतं, तेच चुकलं माझं. आपलं माणूस म्हटलं की आपण वाचायचंच सोडून देतो.

काल शनिवारी दुपारी मी गल्लीतल्या बायकांना ओट्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं, चष्म्यासकट. मग रूपाली म्हणाली, "मावशी, डबा आहे अजून माझ्याकडं. लायटीची बिलं ठेवते त्यात. परत देऊ का?" एक हसली, दुसरी हसली, मला हसावं की रडावं कळेना. आवडाबाई मात्र हसली नाही. उठली, पदर खोचला आणि घरात निघून गेली. रात्रभर मला वाटत राहिलं, चाळीस वर्षांचा शेजार गेला.

आज सकाळी सातला तिनंच कडी वाजवली. म्हणाली, "नवा अर्ज लिहिणार म्हणं तू. लिव्ह. पण मला पुरता वाचून दाखव, मगच सही करीन." मी लिहिला. पाणी येत नाही, आधीची सही चुकीच्या कागदावर घेतली गेली होती, लाईन जोडून द्यावी, एवढंच. मोठ्यानं वाचला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "आता कसं, कळलं मला." किती हलकं वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत इतकी शांत झोप लागेल अशी आशा पहिल्यांदा वाटतेय.

अर्ज आम्ही येत्या शुक्रवारी देणार. त्याच दिवशी निकाल आहे. तू निवडून ये नाहीतर तो समोरचा येवो, अर्ज जाणारच, हे बायकांचं ठरलंय. पण मंगळवारी संध्याकाळी प्रचार थांबतो, त्याच्या आधी तू ये. हलगी नको, उपरणं नको, कडुबा तर नकोच नको. ओट्यावर बस आणि जे झालं ते तुझ्या तोंडानं सांग. तुझे लोक म्हणतील वेडा झालास का, समोरचे उद्याच पत्रक छापतील, चार मतं जातील. जातीलही. पण गल्ली तुला ओळखते. चुकलं म्हणणारा माणूस आमच्या बायकांनी अजून निवडणुकीत बघितलेला नाही. कदाचित त्यांना आवडेलही. माझ्या चौथ्या बटणाचं काय, ते मी तू आल्यावर ठरवीन, आणि सांगणार मात्र नाही.

आल्यावर अर्ज वाच. घाई करू नकोस, सगळा वाच. बायका सह्या करायला निघाल्या तेव्हा आवडाबाईच म्हणाली, "दोन नंबरची ओळ त्याच्यासाठी सोडा. आपलंच पोरगं हाय ते." ती ओळ रिकामी ठेवलीय. एक नंबरला माझी सही आहे, म्हणजे तुला एकट्याला लाज वाटायचं कारण नाही.

वाट बघणारी,
तुझी आणि या गल्लीचीही,
सत्यभामामावशी