सासऱ्यांची काच आणि पोकळ कडी

तीर्थरूप दादांच्या पायाशी,

धाकट्या कात्सुजीचा, हल्ली कंबर वाकू देते तेवढं वाकून, नमस्कार. तिकडे यामानाशीत ऊन कसं आहे, वहिनींचे गुडघे काय म्हणतात, आणि तुम्ही मळ्यात शिडीवर चढायचं सोडलंत की हट्ट चालूच आहे, ते सविस्तर कळवा. इथे कुरायोशीत पाऊस आहे. (डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, असं इकडचे लोक म्हणतात. मी दोन्ही विसरून पाहिलं आहे. दोन्हींची बोलणी सारखीच बसतात.) द्राक्षांची पेटी पोचली. सासरेबुवांनी पहिला मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "आंबट." मग आंबट आंबट करत दोन घड एकट्याने संपवले. माझी तब्येत बरी आहे. घरजावयाला आजारी पडायला फुरसत कुठली!

मळा एक आणि मुलगे दोन, म्हणून बाबांनी मला इकडे त्सुनेमात्सुंच्या घरी दत्तक जावई म्हणून धाडलं, तेव्हा स्टेशनवर तुम्ही म्हणाला होतात, "आयतं दुकान, आयतं घर, आयती बायको. नशीबवान आहेस लेका!" दादा, त्या वाक्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. फोटोच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव, माझ्या सहीच्या शिक्क्यावर त्यांचं नाव, उद्या थडग्यावरही त्यांचंच. माझं म्हणून जे काही आहे ते म्हणजे हे टक्कल.

असो. सांगायचं होतं ते कॅमेऱ्याचं. मार्चमध्ये शाळेच्या निरोप समारंभात माझ्या कॅमेऱ्याचा आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. त्याआधीच मुख्याध्यापकांनी दोनदा मान वळवून पाहिलं होतं, कारण मुली रडत होत्या आणि मी मागे खटक खटक करत होतो. तेव्हा नवा घेतला तो बिनआरशाचा. ह्यात आरसा नाही, हलणारं काही नाही, त्यामुळे आवाजही नाही. आमची ही, सुमिए, म्हणाली, घेताच आहात तर लेन्सही नव्या घ्या. सासरेबुवा माडीवर झोपले होते. आम्ही हाका मारतो तेव्हा त्यांना ऐकू येत नाही, पण हे मात्र ऐकू आलं. जिन्यावरूनच ओरडले, "कॅमेरे येतात नि जातात, काच राहते. माझ्या काचेला हात लावाल तर याद राखा!"

ही काच म्हणजे त्यांची चेहऱ्यांच्या फोटोंची जुनी लेन्स. तांदळाच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या गादीवर ती झोपते. (मला इथे पहिलं वर्षभर इतकी मऊ गादी मिळाली नव्हती.) आतल्या कडेला बुरशीचा एक धागा आहे. त्याला बुरशी म्हटलं तर म्हातारा दिवसभर अबोला धरतो, म्हणून आम्ही केस म्हणतो. पण खरं ते खरं. ह्या गावात घरोघरी देवघरावर जे मेलेले लोक फ्रेमांत बसून आहेत, ते सगळे ह्याच काचेतून गेले. भाजीवाल्याची बायको, सोया सॉसवाले तिघे भाऊ, सगळे. आणि एकाचाही फोटो वाईट नाही. मेल्यावर माणसं बरी दिसतात, ती सासरेबुवांमुळे.

आता जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची तर मध्ये एक कडी लागते. मागवली. सासरेबुवांनी ती उचलली, डोळ्याला लावून आरपार पाहिलं. ह्यात काच नाही? नाही. आतून पोकळ? हो. स्वतःचं काहीच काम नाही, नुसतं एकीकडे ह्याला धरायचं नि दुसरीकडे त्याला? हो. "म्हणजे हा आपला कात्सुजीच की!" असं म्हणून ते इतके हसले की सुमिएला पाठ चोळावी लागली. पाठ चोळताना तीही हसत होती. तेव्हापासून घरात त्या कडीला कात्सुजी म्हणतात. "कात्सुजी कुठे ठेवलाय?" असं विचारलं की मी "इथेच आहे" म्हणतो, आणि मग कळतं की मला कुणी विचारलेलंच नव्हतं.

पण देव न्यायी आहे. कडी बसवली, काच चढवली, बटण दाबलं, तर कॅमेऱ्याने पडद्यावर लिहून दाखवलं: लेन्स लावलेली नाही. जुन्या काचेशी त्याचं बोलणंच होत नाही ना! सासरेबुवांनी भिंग घेऊन ते तीनदा वाचलं. "अख्खं गाव वर पोचवलं मी हिच्यातून, आणि हे डबडं म्हणतं लेन्सच नाही?" दादा, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग कॅमेऱ्याला 'लेन्स नसली तरी फोटो काढ' अशी समजूत घालून ठेवावी लागली. अशी समजूत घालायची माझी सवय जुनी आहे.

जुलैत सासरेबुवांना धाप लागली. डॉक्टर सुमिएला बाजूला घेऊन बोलले, आणि ते म्हाताऱ्याला जिन्यावरून ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी कुलचिन्हाचा काळा हाओरी, तो समारंभाचा अंगरखा, घालून ते खाली येऊन बसले. स्वतःचा शेवटचा फोटो, देवघरावरचा, आत्ताच्या आत्ता, त्यांच्याच काचेतून. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यामुळे ह्या माणसाचा स्वतःचा धड फोटोच नाही. गाडीच्या परवान्यावरचा एक आहे, त्यात ते चोरी करताना पकडल्यासारखे दिसतात.

फोकस हाताने करायचा, म्हणून चेहऱ्याच्या कडा लाल करून दाखवायची सोय मी चालू केली होती. त्यांनी ते पडद्यावर पाहिलं. "मला आत्ताच पेटवलंस का रे?" ती बंद केली. मग त्यांनी तो चेहरा केला, जो ते आयुष्यभर दुसऱ्यांना करायला सांगत आले. हनुवटी आत, डोळे काचेत, श्वास रोखून. मी बटण दाबलं. ते तसेच. पुन्हा दाबलं. ते तसेच. म्हातारा खटक वाजायची वाट पाहत होता, दादा! खटक वाजल्याशिवाय त्यांचा श्वास सुटत नाही. चेहरा जांभळा व्हायला लागला तेव्हा सुमिए किंचाळली, "बाबा, झाला फोटो!"

"कधी?"

"केव्हाच."

"आणि मला पत्ता नाही? अरे, उद्या मेलो तरी असंच कळायचं नाही मला!"

कॅमेऱ्याचा खोटा आवाज लावून पाहिला. म्हणाले, मायक्रोवेव्हमधला भात गरम झाला वाटतं, काढा. सुमिएने दोन लाकडी ठोकळे वाजवले, तर ते काच सोडून तिच्याकडे पाहायला लागले. मी तोंडाने खटक म्हटलं. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. सगळ्या फोटोंत एकच चेहरा, बस यायची वाट पाहणाऱ्या माणसाचा. एकही पसंत नाही. शेवटी हाओरी उतरवून म्हणाले, "ठीक आहे. फोटो होईपर्यंत मी मरत नाही. बसा बोंबलत."

आता माझी दशा बघा. हा माणूस उद्या गेला तर अंत्यविधीला गाव लोटेल. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्याच्या शवपेटीसमोर परवान्यावरचा चोर मोठा करून ठेवलेला असेल, आणि लोक कुणाकडे बघतील? जावई सोन्याचा असला तरी अशा वेळी पितळ उघडं पडतं. ह्या घरात मला कुणी कधी शाबास म्हटलेलं नाही. म्हातारा गेल्यावर म्हणणारंही कुणी उरणार नाही. फोटो चांगला झाला असता तर म्हणाले असते की नाही, कुणास ठाऊक. बहुतेक नसतेच म्हणाले.

वहिनींना नमस्कार. शिडीवर चढू नका.

तुमचा
कात्सुजी (कागदोपत्री त्सुनेमात्सु)

ता. क. : खरं तर पत्र ह्यासाठीच. सासरेबुवांचा जुना रीळवाला कॅमेरा मी तुम्हाला दिला होता. वहिनींनी तो लोणच्याच्या पिंपावर दाबायचा दगड म्हणून ठेवलाय, हे मला ठाऊक आहे, राग नाही. त्याचं मागचं झाकण लागत नाही, आत उजेड शिरतो, फोटोच्या कामाचा तो नाही. पण त्याचा खटक शाबूत आहे. एका हाताने तो वाजवीन, दुसऱ्या हाताने ह्याचं बटण दाबीन. म्हातारा श्वास सोडेल, आणि तोच फोटो असेल. कृपा करून आजच्या आज पुसून पाठवा. वास आला तरी चालेल.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी सुमिएने पत्र वाचलं. भांडी विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबा म्हणालेत ना, फोटो होईपर्यंत मरणार नाही. मग अहो, तुम्हाला एवढी घाई कसली?"

मी पेन पुन्हा उघडलं. तेव्हा कॅमेरा पिंपावरच राहू द्या, लोणचं नीट मुरू दे. पुढच्या वर्षीच्या द्राक्षांबरोबर पाठवलात तरी चालेल. आणि द्राक्षं हीच पाठवा, आंबट म्हणून नावं ठेवायला माणूस घरात असेल.