उन्हाळ्यात काढलेला व्हॉल

उस्ताद,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला फारसं वाटलं नाही, खरं सांगतो. गॅरेज चालवणाऱ्याला मेलेल्या माणसांशी बोलायला उसंत नसते, जिवंत गिऱ्हाइकंच पुरेसं डोकं खातात. पण या पंधरवड्यात एका ट्रकनं मला पार दमवलं, आणि नेमकं काय झालं ते तुमच्याशिवाय कुणाला कळेल असं वाटत नाही.

ट्रक चकलांब्याच्या एका मालकाचा, जुना, जिनिंगमधून कापसाच्या गाठी वाहणारा. जुना म्हणजे माझ्या हिशेबानं. तुम्ही ज्यांच्यावर हयात घालवली त्या गाड्यांसारखा तो नाही. त्यात कॉम्प्युटर आहे. पाणी किती तापलं, हवा किती आली, हे ठिकठिकाणचे सेन्सर त्याला कळवतात आणि त्यावरून तो डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. दिवाळीपासून ही गाडी गरजेपेक्षा जास्त डिझेल प्यायला लागली. मागून काळा धूर, एव्हरेज पडलेलं. आणि दिवाळीपासूनच तिच्यावर नवा ड्रायव्हर आला होता, नेकनूरचा, चाळिशीतला, कामापुरतं बोलणारा. मालकानं दोन्ही गोष्टी जोडल्या. हा वाटेत डिझेल काढून विकतो, असं त्यानं मनाशी ठरवूनच गाडी माझ्याकडे धाडली.

मी तीन दिवस सेन्सरांच्या मागे होतो. स्कॅनर लावला की पाण्याचा सेन्सर सांगायचा, इंजिन थंड आहे. बीडपर्यंत पळवून आणली तरी थंडच. मी म्हटलं, हा खोटं बोलतोय, बदलला. नवाही तेच सांगायला लागला. म्हटलं माल डुप्लिकेट असेल, कंपनीचा मागवला. त्यानंही तोच पाढा वाचला. वायरिंग उकललं, हवेचा सेन्सर साफ केला, फिल्टर बदलला. चौथ्या दिवशी मालक येऊन उभा राहिला तेव्हा माझी कंबर धरली होती आणि डोळ्यांपुढे नुसते आकडे नाचत होते. मी त्याला म्हणालो, माझ्याकडून गाडीत काही राहिलं नाही, आता चालवणाऱ्याला विचारा. एवढंच बोललो. सुटका करून घ्यायला माणूस बोलतो तसं.

दुसऱ्या दिवशी मालकानं त्याच्या वाड्याच्या अंगणात ड्रायव्हरला बेल-भंडारा उचलायला लावला. मलाही बोलावलं होतं, गाडीत दोष नाही हे चारचौघांत सांगायला. ड्रायव्हरनं आंघोळ करून, टोपी घालून, बेलाचं पान आणि भंडारा हातात घेतला आणि मी डिझेल चोरलं नाही असं खंडोबाचं नाव घेऊन सांगितलं. मालकानं ऐकून घेतलं आणि तरी चावी मागितली. ती देताना तो मालकाकडे नाही, माझ्याकडे वळला.

“मिस्त्री, धूर तर तुमी बी पाह्यला. चोरलेल्या डिझेलचा धूर निघतोय का?”

मला लाज वाटली, उस्ताद, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला. इतकी साधी गोष्ट, आणि ती गाडी न खोललेल्या माणसानं मला सांगावी.

मी मालकाकडून आणखी एक दिवस मागून घेतला. सकाळी सकाळी, चांगलीच थंडी होती, इंजिन सुरू केलं आणि स्कॅनर बाजूला ठेवला. तुमच्याकडे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी लांबूनच एका गाडीचा आजार सांगितला होता आणि तुम्ही हातातला पाना खाली आपटून म्हणाला होतात, “हात लावून पाह्यलास का? न्हाई ना? मग कावून बोलतो बे?” तर हात लावला. इंजिन तापेपर्यंत रेडिएटर गार राहायला पाहिजे, कारण तोवर थर्मोस्टॅटचा व्हॉल पाणी इंजिनातच अडवून धरतो. इथं पाचच मिनिटांत खालचा पाइप कोमट. मी वरचं झाकण खोललं. आत व्हॉल नव्हताच. आणि झाकणाखाली लाल पॅकिंग होतं, जे या पट्ट्यात माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

मीच काढला होता, चैत्रात. जुना ड्रायव्हर गाडी तापते म्हणून घेऊन आला होता आणि आपण उन्हाळ्यात सगळ्यांचा काढतो तसा मी काढून फेकून दिला. उन्हात काही जाणवलं नाही. थंडी पडली तसं इंजिन तापेनासं झालं, आणि कॉम्प्युटर बिचारा गार इंजिनाला पाजावं तसं जास्तीचं डिझेल पाजत राहिला. तिन्ही सेन्सर खरं बोलत होते.

तुम्ही फेकत नव्हतात. मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. दुपारची वेळ, चाची भाकरी थापतायत, आणि चुलीमागच्या खिळ्याला तारेत ओवलेले व्हॉल लटकतायत, प्रत्येकाला पत्र्याच्या तुकड्यावर गाडीचा नंबर रंगवलेला. गॅरेजमध्ये हरवतात म्हणून तुम्ही ते घरात ठेवता. चाची म्हणतात, लोकांच्या घरात कांदे टांगतात, माझ्या घरात लोखंड. तुम्ही हसता आणि खाली बघून जेवत राहता. मृग लागला की तुम्ही एकेका ड्रायव्हरला निरोप धाडायचात, गाडी घेऊन ये, व्हॉल बसवायचा आहे. कुणी आला नाही तर स्वतः सायकल काढायचात. मी काढायचं तेवढं शिकलो. बसवायचं काम कंटाळवाणं होतं, त्यात कौतुक नव्हतं, ते मी तुमच्याबरोबरच पुरलं.

व्हॉल बसवला आणि धूर गेला. मालकाला दाखवलं. त्यानं विचारलं, काढला कुणी? मी म्हणालो, आमच्या उस्तादांची पद्धत आहे ती, त्यांनी आम्हाला असंच शिकवलं. तो म्हणाला, जुन्या लोकांचं असंच असतंय, आणि विषय मिटला. मग मी नेकनूरला जाऊन ड्रायव्हरला भेटलो. तो ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्यालाही मी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. हातातली शेंग खाली ठेवून तो म्हणाला, “मेलेल्या माणसावर काय राग धरायचा. न्हाई माझ्या मनात काही. चहा घ्या.”

तो परत गाडीवर चढलाय. हे पत्र तुमच्या घरी द्यावं म्हटलं तर चाची अजून आहेत, कुणाकडून तरी वाचून घेतील, म्हणून ते माझ्या टेबलाच्या खणातच राहील. पण तुम्हाला सांगायला हवं, उस्ताद. त्या माणसानं तुम्हाला माफ केलं, आणि मी गप्प बसून चहा प्यालो.