होडीची लांबी

३ मार्च, सोमवार

किनारा बंद! सकाळी भोंगा लावलेली गाडी तीनदा फिरून गेली. भरतीच्या रेषेपासून तीनशे पावलं आत तारेचं कुंपण घालणार. सूर्य मावळला की पलीकडे जायचं नाही. दिवसा जायचं तर पास. प्रत्येक होडीची नोंद करायची — मालक, रंग, लांबी. वल्ही आणि सुकाणू रोज संध्याकाळी चौकीत जमा!

पावलं मोजून आले. आपलं घर कुंपणाच्या अलीकडे राहतं, नशीब म्हणायचं. दादाची शेड मात्र पलीकडे गेली. दादा म्हणाला, "तू मोजून काय उपयोग? तार काय मास्तरणीच्या पावलांनी घालणारेत?" गुडघे माझे दुखतात आणि वर टोमणे त्याचे.

चार महिने लढाई पेपरात होती. आज दारात आली.

६ मार्च, गुरुवार

हात मोडून आलाय. शाळा सोडून तीन वर्षं झाली, पण फॉर्म भरायचे म्हटल्यावर सगळ्यांना बाईच आठवल्या. शाळेच्या व्हरांड्यात एकेचाळीस फॉर्म लिहिले. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

कारकुनाच्या तोंडून फुटलं म्हणे — अठरा फुटांवरची होडी सरकार घेऊन जाणार. मग काय! परवापर्यंत टपरीवर "आपली बावीस फुटी" म्हणून छाती फुगवणारे आज मान खाली घालून "साडेसोळा लिहा, बाई." बर्फवाला म्हणतो, माझी चौदा. म्हटलं, चौदा फुटांत बर्फ ठेवतोस की स्वतः बसतोस? तर म्हणे, आळीपाळीने! दिवसभरात हसले ती तेवढीच. माणसं पैलतीरी नेणारा म्हातारा तरवाला तेवढा खरं बोलला. वीस म्हणाला, वीस लिहिलं.

दादा सगळ्यांत शेवटी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एकोणीस." मी डोळे मोठे केले. उपयोग शून्य. "दोरी लावून मोजलीय. फळीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बापाने अशीच मोजली, त्याच्या बापानेही. लांबी म्हणजे काय भाजी आहे, पाव किलो कमी नि पाव किलो जास्त?"

जन्मभर लोकांच्या होड्या बांधल्या त्याने. उरलेल्या फळ्या साठवत गेला. वहिनी गेली तेव्हा स्वतःची बांधायला घेतली — आठ वर्षं लागली. रोज सकाळी गळ घेऊन जातो, दोन मासे आणतो, कधी तेही नाहीत. पण त्या होडीसाठी तो अंथरुणातून उठतो. ती गेली की हा उठायचा नाही. हे मला कुणी सांगायला नको.

मी १७ लिहिलं. त्याच्या देखत! अक्षर त्याला येत नाही. तो बाहेर बघत होता. अंगठा दिला, शाई शर्टाला पुसली. ती आता धुवायची मी.

७ मार्च

बरं केलं की वाईट? बरंच केलं.

१२ मार्च, बुधवार

आज नौदलाची माणसं आली आणि तीन होड्या नेल्या. तरवाल्याची, आणि पलीकडच्या गावातल्या दोघा भावांच्या. प्रत्येकाला पावती. लढाई संपली की परत मिळेल, असं वर लिहिलंय. तरवाला पावती उलटी धरून बसला होता. मी सुलटी करून दिली. आणखी काय करणार?

घरी आले ती हलकी होऊन. खोटं कशाला बोलू, आतून उकळ्या फुटत होत्या. दादाने विचारलं, "माझी कशी नाही नेली गं?"

"सरकारचं डोकं! कुणाला कळलंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरंय." आणि चहा मागितला.

१७ मार्च, सोमवार

हात दाखवून अवलक्षण!

नवा हुकूम. अठरा फुटांखालच्या होड्यांवर पहारा ठेवायला माणसं नाहीत. शत्रूच्या हाती लागतील, कुणी पळून जाईल — म्हणून त्या फोडायच्या. मालकाने स्वतः, ३१ तारखेच्या आत. शिपाई येऊन तुकडे बघून जाणार. मोठ्या नेल्या त्या नेल्या. त्या सांभाळणार, तेलपाणी करणार, परत देणार.

म्हणजे मी गप्प बसले असते, जे सांगितलं ते लिहिलं असतं, तर होडी वाचली असती. जगाच्या एकोणचाळीस होड्या लोकांच्या सांगण्यावरून लहान केल्या. एकच मी माझ्या अकलेने केली. या शहाणपणाला आग लागो.

आता आकडा बदलून द्यावा, तर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात आहे : खोटी माहिती देणाऱ्याला लढाई संपेपर्यंत किनाऱ्यापासून वीस मैल आत जाऊन राहावं लागेल. म्हणून बाकीचेही तोंड उघडत नाहीत. पोराबाळांना घेऊन कोण जातंय वीस मैल?

१८ मार्च

दादाने दिवसभर करवतींना धार लावली.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळपासून कुऱ्हाडींचा आवाज. खिडक्या लावून घेतल्या तरी येतो. जाळंवालीने दारातून जाता जाता ऐकवलं, "अक्षर छान आहे हो बाईंचं." मी काय हिला आग्रह करायला गेले होते? हिचाच नवरा "सोळा लिहा, सोळा" करत माझ्या मानेवर बसला होता! पण भांडायचं त्राण नाही. खरंच नाही.

दादा कुऱ्हाड लावणार नाही म्हणतो. तो होडी उसवणार — एकेक खिळा काढून, एकेक फळी सुटी करून, ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट. "कुऱ्हाडीने लाकूड फाटतं," म्हणाला. मी म्हटलं, सरकारला फाटलेलंच हवंय. "सरकारला हवं असेल. होडी माझी आहे."

जेवताना सांगायचं ठरवलं. "दादा, मला तुझ्याशी बोलायचंय." तर म्हणाला, "आधी जेव. तुझं बोलणं कधी छोटं असतं?" घास गिळेपर्यंत धीर गेला.

२३ मार्च

उद्या कचेरीत जाते. आकडा मी खोटा लिहिला, भावाला पत्ता नव्हता, असं सांगते. पाठवू देत मला वीस मैल. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, फळ्यावर लिहून दिलं वळणदार अक्षरात! आता लाज वाटते. गुडघ्यांना काय, इथे दुखतात तसे तिथेही दुखतील.

२४ मार्च, सोमवार

दोन तास रांगेत. कारकून नाकातून बोलणारा, शिंकत होता सारखा. मी एका दमात सगळं सांगितलं. तो शिंकला आणि म्हणाला, "बाई, ही तक्रार शनिवारी निकालात निघाली."

वही फिरवून दाखवली. १७ वर लाल रेघ. बाजूला १९. खाली दादाचा अंगठा आणि कारकुनाच्या हातचं : 'आकडा मीच जाणूनबुजून खोटा सांगितला. लिहिणाऱ्या बहिणीला काहीही ठाऊक नव्हतं.'

मी म्हटलं, हे खोटं आहे! तर म्हणे, एका फॉर्मवर एकच गुन्हेगार बसतो. पुढे चला.

घरी कशी आले आठवत नाही. दादा शेडवरून येऊन पाय धूत होता. तांब्या त्याच्या हातातून ओढून घेतला.

"तुला कधी कळलं?"

"अंगठा देताना."

"तू तर बाहेर बघत होतास!"

"आधी कागद बघितला, मग बाहेर. अगं, सुतार आहे मी. अक्षर नाही येत, आकडा येतो. फूटपट्टी काय तू वाचून दाखवतेस मला?"

बरोबर आहे! आकडे त्याला येतात, हे मला जन्मभर माहीत आहे. त्याने बघितलं नाही असं मीच धरून चालले, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मला नको होती होय होडी?" तो म्हणाला. "लोकांसमोर एकोणीस म्हणून झालं होतं. कागदावर तू सतरा केलंस. माझं नाकही राहिलं, होडीही राहिली. बरं वाटलं, खरं सांगू का."

रडले. चिडून रडले. तीन आठवडे जीव टांगणीला लावून बसले होते मी, आणि हा शेजारच्या खोलीत सगळं ठाऊक असून घोरत होता! तो म्हणाला, "तू आधी सांगशील म्हणून थांबलो होतो. मग तारीख जवळ आली, पहिला खिळा काढायच्या आत कचेरीत गेलो."

२८ मार्च, शुक्रवार

दादाला हुकूम आला. १ एप्रिलपर्यंत किनारा सोडायचा. आमच्या धाकट्या बहिणीकडे जाईल. तिचं गाव वीस मैलांच्या किती तरी पलीकडे, सगळी कोरडी जमीन. दादा सत्तरीला आलाय. लढाई कधी संपणार, ते सरकारलाही ठाऊक नाही.

होडी मोजायला माणूस येईल, मग ती नौदल नेणार. दादा खूश. खरोखर खूश! "तेलपाणी करतील म्हणालेत," चार वेळा सांगितलं मला.

१ एप्रिल, मंगळवार

बस साडेदहाची, आली बारा वाजता. पिशवीत दोन शर्ट आणि रंधा. म्हटलं, रंधा कशाला? "धाकटीची दारं अडकतात." खिडकीतून म्हणाला, "होडीत पावसाचं पाणी साचू देऊ नकोस." मी म्हटलं, पोचल्यावर पत्र घालायला सांग तिला. एवढंच बोलणं झालं. साठ वर्षं एकमेकांशी भांडलो आम्ही, आणि आज काही सुचू नये!

घरात एकच ताट घेतलं. कुंपणापलीकडे आता एकच होडी उभी आहे, बाकी सगळ्या सरपणाला लागल्या. लोक येता-जाता तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

९ एप्रिल, बुधवार

धाकटीचं पत्र.

'दादा पहिले दोन दिवस दारं तासत होता. दारं संपली. आता अंगणात बसून असतो. वारा कुठला आहे विचारतो, मी सांगते आणि मग गप्प. काल जेवला नाही. परवाही अर्धंच. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, पण असंच चाललं तर लढाई संपायची वाट बघणार नाहीत हे. काय करू, ताई?'

मला विचारते. मी आतापर्यंत जे केलं ते बघता मला विचारू नये कुणी.

उत्तर तीनदा लिहून फाडलं.

१४ एप्रिल, सोमवार

मोजणीवाला आला. एकटाच, घामाघूम, बूट वाळूने भरलेले. मला म्हणाला, "बाई, टेपचं एक टोक धरा." मी म्हटलं, असं नव्हे, फळीच्या कडेने लावायची. तर म्हणे, "कडेने लावली की पोटाचा बाकही मोजला जातो. सरकारी लांबी सरळ असते. या टोकावरून त्या टोकावर, हवेतून."

मी विचारलं, लांबी कमी भरली तर? तो कंटाळून म्हणाला, "अठराच्या आत भरली तर पहिला फॉर्म खरा. तुमच्या भावाचा हुकूम रद्द, आणि होडी फोडायची. एकोणीस भरली तर हुकूम कायम, आणि होडी नौदलाची. मला दोन्ही सारखंच, मला अजून पाच गावं करायची आहेत."

तो पुढच्या टोकाला गेला. आकडा माझ्या टोकाला. टेप ताणली. बघितलं. पुन्हा बघितलं. सतरा फूट पाच इंच.

पलीकडून तो पेन्सिल काढून ओरडला, "किती?"

होडी मध्ये होती, त्याला माझं तोंडही दिसत नव्हतं. मी जे म्हणेन ते तो लिहिणार होता.

"सतरा," मी म्हटलं. "सतरा आणि पाच इंच."

धाकटीला तार केली — दादाला परत पाठव. होडीचं कळवलं नाही.