देवश्रीची शाल

ती. अक्कास बाबारावचा रायपूरहून वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर ताब्यात असेल असं धरून चालतो. इकडे माझी झोप उडाली आहे. देवश्री पाच दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि काय करावं ते मला सुचत नाही.

रविवारी आपल्या मंडळाच्या सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला (तो आपल्या पोरीचा) आणि एक चेलो. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी रचलेलं संगीत. (त्या वयात मी रेल्वेभरतीचे फॉर्म भरत होतो.) तिने मला बजावलं होतं, एका रचनेचे चार भाग असतात, मध्ये पोरं थांबतात, तेव्हा गप्प बसायचं. मी हो म्हणालो. पण अक्का, मी मंडळाचा सचिव. प्रमुख पाहुण्यांना नवा रायपूरला उद्घाटन होतं आणि ते सारखे घड्याळ बघत होते. सत्काराआधी पाहुणे उठून गेले तर मंडळाची काय अब्रू राहील, या धास्तीने मला एकही सूर ऐकू आला नाही. पहिला भाग संपला, पोरं थांबली, आणि मी शाल-श्रीफळाचं ताट घेऊन मंचावर चढलो.

आभार मानले. आधी पाहुणे, मग कलाकार, अशा शाली पांघरवल्या. तेव्हा देवश्री हळूच म्हणाली, "बाबा, अभी तीन हिस्से बाकी हैं." माईक चालू होता. पाहुणे सुटलो म्हणून निघाले, पोरांनी भर मे महिन्यात लोकरी शालींत पुढचं वाजवलं, आणि अगदी संथ भागात चेलोवाल्या सुशीलचा नारळ घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आला.

मी चारदा माफी मागितली. ती मान हलवते आणि खोलीत जाते. पुन्हा ती मला कधी बोलावणारच नाही, अशी भीती वाटते. पुढच्या रविवारी तुमच्या नागपुरात तिचा हाच कार्यक्रम आहे, तू जाणारच आहेस, तेव्हा तिची समजूत काढ.

तुझा,
बाबाराव

ता. क. पाकीट चिकटवताना आमची सौ. वनमाला म्हणाली, "मधात चढले त्याचा राग नाही तिले. तिघाईले शाल देली, पोरीलेच काहून नाही?" शाली चारच आणल्या होत्या, पाहुण्यांची धरायची राहिली. "ही काय, घरचीच आहे," असं मी माईकवर म्हणालो म्हणे. मला आठवतही नाही.

ता. क. २. म्हणून पाकिटाचं पार्सल केलं आहे. आत शाल आहे, पातळ. चौथा भाग संपला की तिच्या खांद्यावर घाल. (भाग तूच मोज.) मी पाठवली म्हणून सांगू नकोस. तिने विचारलं तर सांग. नाही विचारलं तरी सांग.